तिसरी शीट फक्त माझी

१ जून, रविवार. सकाळी ६.१०

संकल्प. आजपासून बावीस तारखेपर्यंत रोज नोंद करणे. बावीसला, रविवारी, माझ्या मुलीचं, लारासचं लग्न. तारीख वडीलधाऱ्यांनी दोघांच्या जन्मवारांची बेरीज करून काढली. मी शीटमध्ये सूत्र टाकून तपासली. बरोबर आली. म्हणजे वडीलधारी बरोबर.

मुलाकडची एकशे ऐंशी माणसं सेमारांगहून तीन बसमधून येणार. त्यांना चहा द्यायचा, जेवू घालायचं, उठवायचं, बसवायचं. हे सगळं गल्ली करते. पैसे देऊन आचारी शहरातले लोक लावतात. इथे लग्नाच्या तीन दिवस आधी बायका आपापला चाकू घेऊन येतात आणि पुरुष खुर्च्या उचलतात. माझं धरून एक्केचाळीस घरं. मी या गल्लीचा प्रमुख, लोक मला 'पाक आर.टी.', म्हणजे गल्लीप्रमुख साहेब, म्हणतात. सात वर्षं झाली. बिनविरोध. (दुसरं कोणी उभं राहिलं नव्हतं.)

गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या सुगितोच्या मुलीचं लग्न झालं. त्याने गल्लीशी वाकडं घेतलं होतं. मदतीला सहा जण आले. मुलीचा बाप स्वतः ट्रे घेऊन व्याह्यांना चहा देत फिरत होता, टोपी घामाने काळी. महिन्याभरात तो घर विकून गेला. त्या टोपीची आठवण झाली की मी माझी टोपी काढून तपासतो. पण माझ्याकडे सिस्टिम आहे. सुगितोकडे नव्हती.

सकाळी १०.३०

फाइल तयार. तीन शीट. पहिली 'ड्युटी', दुसरी 'सामान' (झारे १४, पराती ९, एक परात कलंडते, तशी नोंद केली). तिसरी 'नोंदी'. ही खासगी. चार वर्षांचं काम. सिमेंटच्या गोदामात एकोणीस वर्षं स्टॉक लिहिला, शीट कोणी शिकवली नाही, व्हिडिओ बघून शिकलो. माणसांचाही स्टॉक ठेवावा, ही कल्पना माझीच.

'होकार' हा रकाना तर माझा शोधच म्हणायचा. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. सगळे मान खाली घालून 'इंग्गिह' म्हणतात. म्हणजे हो. पण कुठला हो? पक्का, कच्चा, की हो म्हणजे नाही? मी प्रत्येक घराचा इंग्गिह ठरवून ठेवला आहे. उदाहरणार्थ (मानाने हाक मारताना बाईला 'बू', पुरुषाला 'पाक'):

बू तुमिरा (मुख्य स्वयंपाकीण): मीठ जास्त. बोलणं त्याहून जास्त. इंग्गिह कच्चा.

पाक वागियो (मांडव, खुर्च्या): सातला बोलावलं की नऊला येतो. पाचचं सांगावं. हो म्हणजे नाही.

बू हस्तुती: शाळेतून निवृत्त, शिकवण्यातून नाही. दुसऱ्याची चप्पल घालून घरी जाते. इंग्गिह कच्चा.

वार्तिनी (पत्नी): घोरते. मान्य करत नाही. इंग्गिह कायम पक्का.

सुदर्माजी (मी): १० पैकी १०.

२ जून, सोमवार

१०.०४ ला फाइलची लिंक गल्लीच्या ग्रुपवर टाकली. फक्त बघण्यासाठी. 'नोंदी' त्याआधी हाइड केली. एक क्लिक आणि गायब. कुलूपच.

वार्तिनीने विचारलं, नोंदींचं काय केलंत? म्हटलं, हाइड. म्हणाली, म्हणजे काढून टाकल्या? म्हटलं, हाइड म्हणजे हाइड. म्हणाली, म्हणजे आहेत. मी विषय सोडला. तिला टेक्निकल गोष्टी समजावण्यात माझा फार वेळ जातो.

३ जून, मंगळवार

अडतीस अंगठे. एका फाइलला एवढे अंगठे या ग्रुपवर पहिल्यांदाच. बू हस्तुतीने लिहिलं, पाक आर.टी., फार सखोल काम आहे, वाचताना वेळ कसा गेला कळलं नाही.

दिवसभर छान वाटलं.

दुपारी ३.१५. ड्युटी आणि झारे. यात सखोल काय आहे?

४ जून, बुधवार. सकाळी ११.००

घाईत लिहितो आहे म्हणून अक्षर असं.

एक व्हिडिओ बघितला. हाइड केलेली शीट फक्त डोळ्याआड असते. फाइल बघण्याचा हक्क असलेल्या कोणीही तिची कॉपी केली की त्या कॉपीत ती शीट उघडता येते. खात्री करायला वार्तिनीच्या फोनवर करून बघितलं. दोन मिनिटं लागली. 'नोंदी' पूर्ण उघडी. मीठ, चप्पल, सगळं. मी रंग दिले होते, ते पण आले.

मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. दोनदा.

दुपारी १.२०. उपाय केला. नवीन फाइल. तिच्यात फक्त दोन शीट, आणि त्या एका सूत्राने जुन्या फाइलमधून आपोआप येतात. जुनी फाइल सगळ्यांना बंद. नळ इकडे, टाकी तिकडे, तसं. नव्या फाइलमध्ये लोकांना लिहिण्याचा हक्क दिला, म्हणजे ज्याने त्याने आपल्या नावापुढे टिक करावी. ग्रुपवर लिहिलं, तांत्रिक सुधारणा. जुनी लिंक वापरू नये.

म्हणजे नोंदी उघड्या होत्या ५१ तास १६ मिनिटं. जास्त नाहीत.

५ जून, गुरुवार

शांतपणे विचार केला. कॉपी करणं कोणाला सुचेल? बू तुमिराला फोनमधला टॉर्च बंद करता येत नाही, ती फोन उशीखाली दाबते. वागियो फक्त कोंबड्यांचे फोटो पाठवतो. राहिली बू हस्तुती. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा ती नेहमी शोधत असते. घाबरण्याचं काही कारण नाही.

दुपारी ४.४०. बू तुमिरा कोवळ्या फणसाची भाजी घेऊन आली. डबा ठेवला. म्हणाली, मीठ तुमच्या अंदाजाने घाला, पाक. एवढं बोलून गेली.

एवढंच बोलली. ही बाई पाऊण तास दारात उभी राहते. खाऊन बघितलं. भाजीत मिठाचा कण नाही.

वार्तिनीला विचारलं, हिला बरं नाही का? म्हणाली, असेल. आणि चिकट भाताच्या पुरचुंड्यांची टोपली डोक्यावर घेऊन बाहेर पडली. (तक्रार: वार्तिनी रोज दुपारी घरात नसते. लग्न तोंडावर आलं आहे.)

७ जून, शनिवार

गल्लीची साफसफाई सातला ठेवली होती. पाचला दार उघडलं तर पायरीवर वागियो. हातात झाडू. केस विंचरलेले. मी किंचाळलो, हे मान्य करतो.

म्हटलं, सातची वेळ होती. म्हणाला, तुम्ही सात म्हणालात म्हणजे पाच असेल म्हटलं, पाक.

हसला. त्याचे दात चांगले आहेत, पहिल्यांदाच लक्षात आलं. दोन तास आम्ही पायरीवर शेजारी शेजारी बसलो. तो कोंबड्यांबद्दल बोलला. मला एक शब्द ऐकू आला नाही.

निष्कर्ष: शिस्तीचा परिणाम दिसू लागला आहे. दुसरा कुठलाही निष्कर्ष आज काढायचा नाही.

९ जून, सोमवार. दुपारी १२.३०

आज 'सामान' तपासताना खाली खाली गेलो. सामान ६४ ओळींत संपतं. मी सहज खाली जात राहिलो. ओळ २१२ वर काहीतरी होतं.

सगळ्या नोंदी. एक्केचाळीस घरं. झाऱ्यांच्या आणि परातींच्या खाली, व्यवस्थित.

कोणीतरी माझं सूत्र कॉपी करून त्यात 'सामान'च्या जागी 'नोंदी' लिहिलं होतं. झालं, टाकीला दुसरा नळ. दोन फाइल जोडताना मशीनने मला विचारलं होतं, परवानगी द्यायची का? मला वाटलं फक्त ड्युटी आणि सामानाची विचारतंय. ते अख्ख्या फाइलची विचारत होतं. मी मशीनला इंग्गिह म्हटलं. पक्का.

ओळ पुसली. सगळ्यांचा लिहिण्याचा हक्क काढला. हा नळ पाच दिवस उघडा होता. कदाचित चुकून कोणाचं बोट लागलं असेल. बोट चुकून लागलं तर एवढं लांब सूत्र टंकलं जातं का? जाऊ शकतं. बोटं जाड असतात.

डोळ्यांपुढे सुगितोची टोपी.

११ जून, बुधवार

मुलीच्या बापाने घरोघरी जाऊन मदत मागायची ही रीत. बाटिकचा सदरा घातला. चाळीस घरं. सकाळी ८.०० ते दुपारी २.३५.

चाळीस इंग्गिह मिळाले.

एरवी मला लगेच कळतं. कच्च्या होकारात मान थोडी आधी खाली जाते. 'हो म्हणजे नाही' वाला माणूस चहाबद्दल विचारतो. आज चाळीसही जणांचा एकच सूर. सावकाश. हसून. मान बरोबर तेवढीच खाली. जणू सगळ्यांनी मिळून तालीम केली होती. माझा रकाना आज निकामी झाला.

बू हस्तुतीने फाटकापर्यंत सोडलं. म्हणाली, माझा इंग्गिह पक्का धरा हं पाक, कच्चा नको. मी चपला शोधत होतो. म्हणाली, तुमच्याच आहेत, मी आज माझ्याच घातल्यात.

घरी येताना रस्ता फार लांब वाटला. मोजला होता मी, दोनशे दहा मीटर आहे.

१३ जून, शुक्रवार

पर्यायी योजना. शहरातल्या सहा आचाऱ्यांना फोन केला. बावीसला सगळे बुक. दिवस शुभ आहे ना. वडीलधारी फारच बरोबर निघाले.

मदतीला सहा आले असं धरलं तर प्रत्येकी ३० पाहुणे, ९० ग्लास, १२० ताटं. मी एकट्याने धुतली तर साडेनऊ तास. व्याही थांबतील का? व्याही तापट आहेत. (नोंद क्रमांक ४६. तीही उघडी होती. ते आमच्या ग्रुपमध्ये नाहीत, पण वागियोची मेहुणी सेमारांगची.)

नळाखाली ग्लास धुण्याचा सराव केला. अकरा सेकंदांत एक. दोन फुटले.

१४ जून, शनिवार

ठरवलं. गल्लीच्या बैठकीत सगळं कबूल करायचं. उभं राहायचं, माफी मागायची, बसायचं. तीन वाक्यं पाठ केली.

उभा राहिलो. एकोणचाळीस चेहरे. पाठ केलेली वाक्यं गेली. चाळीस मिनिटं माहितीच्या सुरक्षिततेवर बोललो. पासवर्ड, लिंक, अनोळखी मेसेज. शेवटी विचारलं, काही प्रश्न?

कोणाला काही प्रश्न नव्हता. वागियोने शेंगदाण्यांची बशी माझ्याकडे सरकवली. बू तुमिरा म्हणाली, शेंगदाण्यांना मीठ मी नाही लावलं हं पाक, दुकानातले आहेत. बायका हसल्या. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ.

कबुली अर्धी झाली असं म्हणता येईल.

१६ जून, सोमवार

लारासने विचारलं, बापा, माझ्याबद्दल काय लिहिलंय?

म्हटलं, कशात? ती नुसती बघत राहिली. माझी मुलगी, पण बघते आईसारखी.

तुझी ओळ आहे, पण रिकामी आहे, म्हटलं. खरंच आहे ते. चार वर्षांत तिच्यापुढे काय लिहावं सुचलं नाही. कुठल्याही रकान्यात बसत नव्हती.

म्हणाली, रविवारी कोणी आलं नाही तर? मी म्हटलं, सिस्टिम आहे. ती म्हणाली, इंग्गिह.

तिचा इंग्गिह कुठला ते मला लगेच कळलं. कुठे लिहिला नाही.

१७ जून, मंगळवार

'नोंदी' शीट डिलीट केली. चार वर्षं. दोन सेकंद लागले.

मग परत आणली. मागच्या तारखेची प्रत ठेवायची सोय असते. सगळं पुसून टाकलं तर माफी कशाबद्दल मागणार? तेवढ्यासाठी ठेवली.

वार्तिनी आजही टोपली घेऊन गेली. किती पुरचुंड्या करतेस, म्हटलं. म्हणाली, चाळीस. पाहुण्यांना पुरणार नाहीत, म्हटलं. म्हणाली, पाहुण्यांसाठी नाहीत. हिच्या नियोजनात असा विस्कळीतपणा आहे.

१९ जून, गुरुवार

आजपासून स्वयंपाक सुरू. वेळ सातची. साडेसहाला अंगणात उभा. सहा चुली पेटवल्या, नारळ मांडले, मांडवाखाली सतरंज्या. कोणी नाही.

६.४५. कोणी नाही. रस्त्यावर एक कोंबडी. वागियोची असावी.

६.५२. मनात सुगितोचा हिशोब. साठाव्या वर्षी घर विकून कुठे जायचं? वार्तिनीच्या माहेरी राहता येईल, विहीर आहे.

६.५८. ट्रे शोधून आणला. टोपी घातली. टोपी काढली.

७.०० वाजता फाटक उघडलं आणि बायका आत येऊ लागल्या. ओळीने. प्रत्येकीच्या हातात स्वतःचा चाकू, स्वतःची खवणी. मोजायला सुरुवात केली, सव्वीसपर्यंत आलो आणि डोळ्यांना धूर लागला. चुली मीच पेटवल्या होत्या, चूक माझीच. मागून वागियो आणि पुरुष, खुर्च्या डोक्यावर. सातला सात. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही.

बू तुमिराने कढई चढवली, मुठीने मीठ घेतलं, माझ्याकडे बघून थांबली. मी हात जोडले. तिने मीठ टाकलं. भरपूर.

मग दुपारपर्यंत बोलत होती. कान दुखले. इतकं बरं आजवर वाटलं नव्हतं.

२२ जून, रविवार. संध्याकाळी ५.५०

लग्न पार पडलं. तीन बस आल्या, तीन बस गेल्या. कोणाच्या हातात रिकामा ग्लास दिसला नाही. व्याही म्हणाले, तुमच्या गल्लीची शिस्त बघण्यासारखी आहे. मी नम्रपणे म्हटलं, सिस्टिम.

एक बाब लक्षात आली. माझ्या ड्युटी शीटप्रमाणे चहा पूर्वेकडून द्यायचा होता. पश्चिमेकडून दिला गेला. पूर्वेकडे ऊन होतं, त्यामुळे तेच योग्य झालं. वाहनतळावर वागियोला ठेवला होता, तो कढईपाशी होता. वाहनतळावर बू हस्तुती होती, शिट्टी घेऊन. बसवाले तिला सर म्हणत होते.

लोक मधूनमधून फोन बघत होते. माझी शीट पिवळी आहे. त्यांच्या फोनवर हिरवी दिसली.

माइक दोनदा मागितला. दोन्ही वेळा बॅटरी संपली होती.

लारास निघताना माझ्या पायाशी वाकली. काय म्हणाली ते लिहीत नाही.

२३ जून, सोमवार. सकाळी ९.२०

वागियोने ग्रुपवर कोंबड्यांचे फोटो पाठवले. त्यांच्यात चुकून एक लिंक. 'लारासचं लग्न'. हिरवी.

उघडली. मला फक्त बघण्याचा हक्क. ओळीत चाळीस घरं, कामं, वेळा. सगळं तंतोतंत तसंच, जसं काल घडलं. एकच शीट.

मी तज्ज्ञ आहे. एकच शीट दिसते म्हणजे एकच असते असं नाही. कॉपी केली.

हाइड केलेली दुसरी शीट होती. नाव: 'पाक आर.टी.'

उतरवून घेतो, शब्दाला शब्द:

"सातचं सांगितलं की सातलाच या. आधी आलात तर घाबरतात, उशीर झाला तर जास्त घाबरतात. वागियो, पाचला जाऊन झाली ती गंमत पुरे."

"माइक देऊ नये."

"काही हुकूम दिला की इंग्गिह म्हणावं. सगळ्यांनी सारखं. मग आपलं काम करावं."

"ओळ २१२ कोणी केली? पुन्हा करू नये. दुपारी जेवले नाहीत ते." खाली: "मी केली, क्षमा. सूत्र जमतं का बघत होते. हस्तुती."

"नोंदींवरून कोणी बोलू नये. भित्रा माणूस आहे, मोजत बसला की भीती कमी होते, इतकंच. लारास आपल्या सगळ्यांची आहे."

"मिठाचं मात्र त्यांचं बरोबर होतं. तुमिरा."

फाइलची मालक: वार्तिनी. तयार केल्याची वेळ: २ जून, सकाळी १०.४०. मी लिंक टाकल्यावर छत्तीस मिनिटांनी.

'घोरतात. मान्य करत नाहीत.' ही ओळही होती. ती वर लिहायची राहिली.

१०.०५. त्या शीटमध्ये तीन चुका आहेत. परातींची संख्या, एक वेळ, आणि घोरण्याबद्दलची ओळ. दुरुस्त करायला हव्यात. लिहिण्याचा हक्क मागितला. रीतसर, बटण दाबून. शिवाय स्वयंपाकघराच्या दारात जाऊन तोंडीही सांगितलं, मला परवानगी दे.

वार्तिनी पाटावर बसून उरलेल्या केळीच्या पानांच्या घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, इंग्गिह.

तिचा इंग्गिह कायम पक्का. माझ्या शीटमध्ये तशी नोंद आहे.

सायंकाळी ५.३०. परवानगी अजून आलेली नाही.